केशरबाईची बाही

रविवारची उपासना लांबत चालली तसा कौशल्याचा जीव खालीवर होऊ लागला. मटणाचं पातेलं निखाऱ्यांवर ठेवून ती चर्चमध्ये आली होती, आणि पाळकसाहेब काही थांबायचं नाव घेत नव्हते. आपण सारी देवाची लेकरं, त्याच्या घरात वरचा कोणी नाही अन् खालचा कोणी नाही, हे त्यांनी नाना तऱ्हांनी सांगून झालं होतं. कौशल्याचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. फक्त आज त्यांनी ते थोडक्यात आटपायला हवं होतं, कारण पुढच्या बाकावर अमरावतीचे पाहुणे बसले होते आणि उपासना सुटली की तिच्या शालूची मागणी व्हायची होती.

पाहुणे सकाळच्या गाडीनं अकोल्याला उतरले होते. वामनराव तिकडे शाळेत हेडमास्तर. सोबत त्यांची थोरली विधवा बहीण पार्वताबाई, आणि मुलगा शेषराव, जो उपासनाभर आपल्या बुटांकडे पाहत बसला होता. आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेलं हे पाटलाचं घराणं. धर्म गेला पण पाटीलकी गेली नाही, असं लोक त्यांच्या माघारी म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. आमच्याकडे ख्रिस्ती माणसं लग्न जमवायला बसली की आधी प्रार्थना करतात आणि मग हळूच विचारतात, 'मूळचे कोण?' प्रार्थना एखाद्या वेळी राहून जाते, पण हा प्रश्न राहून गेल्याचं अजून ऐकिवात नाही.

कौशल्याला त्या प्रश्नाची भीती नव्हती. सासरे बुधाजी, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, मूळचे कुणबी, हे सगळ्या अकोल्याला ठाऊक होतं. आणि सासू केशरबाई? ती तर शेंदूरजनाघाटकडच्या पाटलाची लेक. मोठ्या दुष्काळात घरदार उठलं, म्हणून मिशनच्या अनाथालयात आली. कौशल्याच्या बापानं हे ऐकूनच आपली लेक देवमनला दिली होती.

देवमनला मात्र प्रवचनातला एक शब्दही ऐकू येत नव्हता. त्याचं लक्ष बायकांच्या बाजूला, आईच्या हातांकडे होतं. केशरबाईनं नेहमीसारखी मनगटापर्यंत बाहीचं पांढरं पोलकं घातलं होतं. अकोल्याच्या उन्हाळ्यात लोक अंगावर सूत सहन करत नाहीत, पण या बाईची बाही वैशाखातही कधी वर गेली नव्हती. मडमांच्या हाताखाली वाढलेली, तिकडचीच सवय, असं सगळे समजत. निघण्यापूर्वी देवमननं तिला बजावलं होतं, "माय, तू काई बोलू नको. इचारलं तं मी सांगन." ती मान हलवून बसली होती. चौसष्ट वर्षांची बाई, पण मुलानं डोळे वटारले की शाळेतल्या पोरीसारखी गप्प होई.

दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये सगळे आले. देवमन त्याच दवाखान्यात कंपाउंडर. पुढच्या खोलीत खाटेवर वामनराव आणि पाळकसाहेब, खुर्चीवर शेषराव, सतरंजीवर बायका. पाहुण्यांनी वरूडकडच्या बागेतल्या संत्र्यांची बांबूची डाल आणली होती. तिच्या वासानं खोली भरून गेली. शालू आतल्या दाराशी उभी होती. ती अमरावतीला नर्सिंग शिकत असताना शेषरावाला दोनदा भेटली होती, आणि दुसऱ्या भेटीत त्यानं तिला तापलेल्या रस्त्यावरून चालताना आपली छत्री दिली होती. बस, एवढंच. पण तिला तेवढं पुरलं होतं. बोलणी निघाल्यापासून गेले दोन महिने ती वॉर्डात रोग्यांची बेडपॅन धुतानासुद्धा गाणं गुणगुणत होती.

चहा झाला. प्रार्थना झाली. पार्वताबाईनं लुगड्याची घडी आणि अंगठी पुढ्यात मांडली आणि केशरबाईकडे सरकून बसली.

"विहीनबाई, तुमी तं आमच्याच मुलखातल्या निंगाल्या. माहं सासर शेंदूरजनाचंच. वामननं काल रातच्याले सांगतलं, तवापासून मले कवा भेटतो असं झालं. कोन्त्या पाटलाच्या तुमी?"

देवमनच्या कानात शीळ वाजली. आईचं माहेर म्हणून सांगायला तो मुलूख त्यानं आपल्या लग्नाच्या वेळी केवळ लांबचा म्हणून निवडला होता. तिथं सासर असलेली बाई एक दिवस आपल्या सतरंजीवर येऊन बसेल, हे त्याच्या गणितात नव्हतं.

"तिले काय याद असन, आत्याबाई," तो म्हणाला. "लहान होती."

"तिले बोलू द्या ना देवमनराव. हे आमचं बायाचं हाय." पार्वताबाई खरंच खुशीत होती. तिच्या मनात काडीचं कपट नव्हतं. सासरच्या मुलखातलं कोणी भेटावं असा तिचा आनंद होता. "याद नाई तं नाई. हात दाखवा. आमच्याकडच्या पाटलाच्या पोरीचं गोंदन न्यारं रायते, मी दुरून वयखतो."

आणि केशरबाईनं हात मागे घ्यायच्या आत तिनं मनगटाचं बटण काढून बाही कोपरापर्यंत सारली.

कोपराखाली, आतल्या बाजूला, गोंदण असायचं तिथं तळहाताएवढा डाग होता. काळपट, सुरकुतलेली, चकाकणारी कातडी होती, आणि मधे मांस खचून खळगा पडला होता.

"बिब्बा," पार्वताबाई हळूच म्हणाली. खेड्यातल्या बाईला ते सांगावं लागत नाही. तापवलेल्या बिब्ब्याचं तेल कातडीला काय करतं, हे ती ओळखून होती. तिनं बाही सोडली, आणि तिची खुशी हळूहळू चेहऱ्यावरून उतरली. "पुसलं म्हनजे पुसन्यासारखं काई असनच. चोराच्या मनात चांदनं."

कौशल्या पदर तोंडाशी धरून पाहत राहिली. ती नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा सासूचा हात फडक्यात गुंडाळलेला होता. पहिले पंधरा-वीस दिवस तिनंच तो धुतला होता, कडुलिंबाच्या पाण्यानं. फडकं मांसाला चिकटे, ओढून काढावं लागे, आणि केशरबाई दात आवळून म्हणे, होऊ दे सूनबाई, होऊ दे.

"तेल सांडलं म्हने तुमी," ती आता म्हणाली. "कढईतलं तेल सांडलं."

"सूनबाई..."

"माह्या लग्नासाठी केलं का हे?"

"कौशल्या, आत जा," देवमन म्हणाला.

"नाई जात. माह्या बापाले तुमी पाटलाची लेक म्हनून सांगतलं. खरं होतं का ते?"

देवमननं पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी चहाच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला सोबत लागते, आणि ती वेळेवर कधी मिळत नाही.

केशरबाईच बोलली. तिनं बाही खाली ओढली नाही.

"मले नाई माईत मी कोनाची. वऱ्हाडात मानसं रस्त्यानं मरत होती त्या साली मी एलिचपूरच्या रस्त्यावर सापडली. चार-पाच वर्साची असन. माय बाजूले पडेल होती. मिशनच्या गाडीवाल्यानं मले उचललं, तिले नाई उचललं, ती मेली होती. तिथं अनाथालयात रोज सकायी मडमबाई समद्याले इचारे, तू कोनाची? आमी म्हनो, देवाची. तसं म्हनलं का वाडग्यात पेज पडे. केशर नाव बी स्वैपाकीन बाईनं ठेवलं." ती थांबली. "माह्यापाशी मायचं तेवढं एकच होतं, हातावरचं. तिच्या मांडीवर बसून काढलं, तवा लय रडली मी. तिनं गुयाचा खडा देला, तो आठवते."

"आणि मग?" वामनरावांनी विचारलं.

"मंग देवमनचं लगन ठरलं. कोनीतरी त्याले सांगतलं का हातावरून जात समजते. तो रडत आला. म्हने माय, ते लोक पायतीन आन माहं लगन मोडन. बिब्बा त्यानंच आनला. लावला म्या." एवढं बोलून तिनं घाईनं भर घातली, "त्यानं जबरदस्ती नाई केली."

शालू दारातून आजीच्या हाताकडे पाहत होती. हा हात तिनं लहानपणापासून पाहिला होता. आजी तिला न्हाऊ घालताना बाही भिजे, तरी वर करत नसे. शालू नर्स झाली, सगळ्या गावाच्या जखमा तिनं बांधल्या, आणि घरातली ही एक जखम तिनं कधी उघडून पाहिली नव्हती.

पार्वताबाईनं तो हात पुन्हा आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, "कसं होतं ते? काढून दाखवता?"

"आत्याबाई, आता काय त्याचं!" देवमन ओरडलाच.

"दाखवू द्या," वामनराव म्हणाले. "कळेल तरी."

केशरबाईनं तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर टेकवलं. क्षणभरही अडखळली नाही. पाच ठिपके, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. खाली दोन आडव्या रेघा, आणि रेघांच्या टोकांना एकेक बारीक वळण. चाळीस वर्षं अंगावर बाळगलेली गोष्ट होती ती. काढून झाल्यावर तिनं बोट पदराला पुसलं आणि पार्वताबाईच्या तोंडाकडे पाहू लागली, डॉक्टरकडे पाहावं तशी.

सगळेच पाहत होते. देवमनच्या मुठी आवळल्या होत्या. पार्वताबाई वाकली, डोळे बारीक केले, मान तिरपी करून पाहिलं, आणि मागे सरून बसली.

"हे कोनाचंच नोय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हे समद्याच पोरीच्या हातावर काढते वामन. पाटलाच्या बी अन् गावाभाईरच्या बी. पोरगी लय रडून राह्यली का गोंदनारीन एवढंच काढून उठते. मोठं काम मंग लगनाच्या आगुदर करते." तिनं आपला पदर सारून दंडावरची ठसठशीत नक्षी दाखवली, आणि तिच्याखाली, जवळजवळ विरून गेलेले, तेच पाच ठिपके. "हे पाह्य. माह्या बी हातावर हाय."

केशरबाई त्या ठिपक्यांकडे पाहत राहिली.

"मंग यानं काई समजलं नसतं?"

"नाई."

"कोनालेच नाई?"

"नाई बाई. कोनालेच नाई."

केशरबाईनं देवमनकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं देवमनला वाटलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. फरशीवरचं पाणी कडेनं सुकायला लागलं होतं.

वामनराव शहाणे गृहस्थ होते. शाळा चालवणाऱ्या माणसाला आरडाओरडा आवडत नाही. त्यांनी घसा खाकरला.

"आता असं पाहा देवमनराव. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, शेषरावाच्या मनात भरली आहे. काय होतं ते आजीबाईंनाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या घरी तुम्ही सांगितलंय तेच कायम राहू द्या. मात्र लग्न अमरावतीला होईल, आमचे चारशे लोक येतील, आणि कोणीतरी पुन्हा बाही वर करेल. तेव्हा आजीबाईंनी तिकडे येऊ नये. तब्येत बरी नाही म्हणा. आणि आज पाळकसाहेबांसमोर त्यांनी एकदा तोंडानं सांगावं, मी पाटलाची म्हणून. उद्या कोणी विचारलं तर साहेब सांगतील, मी स्वतः ऐकलंय."

"शांतीनं सुटत असेल तर..." पाळकसाहेब म्हणाले, आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

"चालन," देवमन लगेच म्हणाला. "तुमी म्हनता तसं. माय, म्हन."

केशरबाईनं पदर सावरला आणि ताठ बसली. "म्हनतो ना. शालूचं चांगलं होते तं म्हनतो. काय म्हना लागते?"

शालूच्या कानात ते तीन शब्द राहिले. काय म्हना लागते. वाडगं हातात धरून रांगेत उभी असलेली ती एवढीशी पोर तिला लख्ख दिसली. आजही तीच उभी होती, आणि आज वाडगं शालूसाठी पुढे केलेलं होतं.

"आजी, नको म्हनू."

"शालू!" देवमन.

"थांबा बाबा." ती दारातून पुढे आली. तिचा आवाज वॉर्डातला, रोज वापरातला होता. तिनं पहिल्यांदा शेषरावाकडे पाहिलं. "तुमी काय म्हनता? माही आजी लग्नाले नाई आली तं चालन तुमाले?"

शेषरावानं मान वर केली. त्याचं तोंड लाल झालं होतं. एक क्षण शालूला वाटलं तो उठेल. तिच्या उभ्या आयुष्यात तिनं दुसऱ्या कशाचीही इतकी वाट पाहिली नव्हती.

"मोठी माणसं ठरवतील तसं," तो म्हणाला, आणि पुन्हा बुटांकडे पाहू लागला.

"बरं," शालू म्हणाली. ती खाली बसली, लुगड्याच्या घडीवर अंगठी ठेवली आणि ते दोन्ही पार्वताबाईच्या मांडीवर ठेवलं. "आत्याबाई, आमी मूळचे कोन ते आमाले माईत नाई. पुढं बी कोनी इचारलं तं माईत नाई हेच सांगन. आमी देवाची लेकरं. सकायी साहेबांनी सांगतलं ते तुमी बी आयकलं, मी बी आयकलं. मी खरं मानलं."

पाळकसाहेबांनी रिकामा कप बशीत ठेवला.

देवमन उठला तो हात उगारूनच उठला. "कारटे, तुले कोन करन आता? मिशन-मिशनात बोभाटा होईन!" तो हात पडायच्या आत कौशल्या मधे आली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या आणि कोणाच्या मधे उभी राहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सासूच्या बाजूनं तर नाहीच. पाटलाच्या लेकीची सून म्हणून मिरवताना त्या सासूला तिनं कमी बोल लावले नव्हते.

"एक हात जाळला तेवढा पुरे," ती म्हणाली. "हिले हात लावू नका."

पाहुणे जेवले नाहीत. निघताना पार्वताबाई उंबऱ्यात घुटमळली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण भाऊ पुढे गेला होता, आणि ती त्याच्याच घरची भाकरी खात होती. "डाल राहू द्या," एवढंच म्हणून ती गेली. पाळकसाहेब त्यांना पोचवायला स्टेशनपर्यंत गेले.

देवमन मागच्या ओट्यावर जाऊन बसला. कौशल्यानं त्याला जेवायला बोलावलं नाही. तिनं पातेल्याचं झाकण काढून पाहिलं. मटण खाली लागलं होतं. ती चुलीपाशी बसून रडली, पोरीच्या मोडल्या सोयरिकीसाठी आणि आपल्या बापासाठी. आणि थोडंसं त्या फडक्यासाठीही, जे तिनं इतक्यांदा ओढून काढलं होतं. देवमन म्हणाला ते काही खोटं नव्हतं. ईस्टरच्या आत ही गोष्ट अमरावतीपासून मलकापूरपर्यंत पोचणार होती, आणि शालूला विचारायला आता कोणी येणार नव्हतं.

पुढच्या खोलीत शालू आजीच्या हाताला खोबरेल लावत होती. तेलानं आता काही होणार नाही हे नर्सला कळत होतं. तरी ती लावत होती. तिचे डोळे वाहत होते आणि नाक ओढत ती बोटं फिरवत होती.

"तो चांगला होता का गं?" केशरबाईनं विचारलं.

"छत्री देली होती त्यानं मले."

"हं." केशरबाई जरा वेळानं म्हणाली, "शालू, एक इचारू? तू शिकेल हाय. अनाथालयात एक बुढी होती, ते म्हने, मेल्यावर समदं इथंच रायते, गोंदन तेवढं संगं येते. माही माय वरतं मले कशी वयखन? हातावरचं तं मीच जाळलं."

शालूचा हात थांबला.

"देवाले ठाऊक हाय ना तू कोनाची. तो सांगन तिले."

"त्याले मी पेजेसाठी म्हनत होती गं. देवाची, देवाची. भुकेनं म्हनत होती. खऱ्यानं कवा म्हनलं?"

"मी म्हनलं ना आज. भूक नोती मले."

"हो. तू खऱ्यानं म्हनलं." केशरबाईनं तिच्या तोंडावरून दुसरा हात फिरवला. "मंग तूच मांग त्याले माह्यासाठी. तुहं आयकन तो. म्हन, हिच्या मायले सांग, तुही केशर..." ती मधेच अडली. "पन केशर तं स्वैपाकीन बाईनं ठेवलं. मायनं मले केशर नसन म्हनलं. काय म्हनलं असन गं तिनं मले?"

मागच्या ओट्यावर देवमन खोकला. त्याला सगळं ऐकू येत होतं, आणि उठून आत यायचं त्याच्यानं होत नव्हतं.

"लेकरू म्हनलं असन, आजी," शालू म्हणाली. "समद्याच माया तेच म्हनते."

केशरबाईनं तो शब्द एकदा स्वतःशीच म्हणून पाहिला. मग तेल लावून झालं तरी तिनं हात तसाच मांडीवर उघडा ठेवला, आणि बाही खाली ओढली नाही.